वरच्या तळ्याची मोहीम आणि डब्याचा कलंक

सकळ सुज्ञ, दुर्बीणधारी आणि दुर्बीणहीन अशा तमाम लोकांस विदित व्हावे की, पक्षी पाहणे हे काम वरकरणी सोपे, परंतु आत शिरल्यावर राज्य राखण्याहून बिकट. राज्य एके ठिकाणी राहते, पक्षी राहत नाही. ऐसियास, डोंगरातील तीन तळ्यांवर जी मोठी मोहीम जाहली, तीत घड्याळजींचा गेलेला लौकिक कैसा परत आला, त्यांचे कुटुंब काय बोलले, दंतवैद्यांची तोफ कोठे लागली होती, हे वर्तमान जो तो आपापले तिखटमीठ लावून सांगू लागला, सबब खरे ते एकवार लिहून ठेवणे प्राप्त जाहले. लिहिणाऱ्यास कोणी काही देऊ केले नाही. बसमध्ये उरलेले बिस्किटांचे अर्धे पुडके मिळाले, ते ह्यात धरू नये.

त्यास मूळ ऐसे जे, बाजाराच्या कोपऱ्यावर राजश्री घड्याळजी ह्यांचे दुकान. दुकान म्हणजे एक काच, एक स्टूल आणि एक दिवा. तेथे उजव्या डोळ्यास भिंग लावून, मुंगीच्या पायाएवढे स्क्रू चिमट्याने उचलण्यात त्यांची सारी उमर गेली. जवळचे पाहून पाहून डोळ्यांस वीट आला, मग थोडे लांबचे पाहावे ऐसी मनीषा धरून ते पक्षीमित्र मंडळात दाखल जाहले, आणि एक जुनी दुर्बीण स्वतः खोलून, पुसून, पुन्हा जोडून बाळगू लागले.

मंडळाच्या मुख्य मोठ्या बाई. त्या एके काळी शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि सेवा संपली तरी नजर काही निवृत्त जाहली नव्हती. त्यांनी चष्म्यावरून पाहिले म्हणजे आजोबा झालेली मंडळीसुद्धा बसमध्ये सरळ बसत. त्यांनी पूर्वीच फर्मान काढून ठेविले होते जे, एकाने पाहिलेला पक्षी कोणीच पाहिला नाही असे समजावे. दुसऱ्याने साक्ष द्यावी. साक्षीदाराने काय पाहिले ते पुस्तक न उघडता, कोणी नाव न सुचवता, आपल्या शब्दांत मोठ्याने सांगावे. आणि नवराबायको मिळून एकच नजर धरावी. हे शेवटचे कलम घालण्यास कारण, मागे एका जोडप्याने झाडावर गरुड पाहिला, नवरा म्हणे पंख हलवतोय, बायको म्हणे हो हो, हलवतोय की, आणि जवळ जाऊन पाहता कोणाचा तरी विसरलेला रेनकोट निघाला. तेव्हापासून दांपत्याच्या साक्षीवर मंडळाचा इतबार उरला नाही.

ऐसे असता, गेल्या वर्षी स्वारी वरच्या तळ्यावर गेली, आणि मंडळी चहात गुंतली, आणि घड्याळजी एकटे काठावर उभे राहिले. तेथे त्यांनी खाशी मोठी शेंडीवाली टिबुकली पाहिली. हा पाणपक्षी बदकाएवढा, मान लांब, चोच सुरीसारखी, डोक्यावर दोहो बाजूंस शेंड्या, आणि बुडी मारण्यात ऐसा पटाईत की पापणी लवते तो गुप्त. त्या तळ्यावर ती त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. घड्याळजींनी बोट केले, सारी फौज चहा सांडत धावली, बोटाच्या रोखाने तमाम दुर्बिणी लागल्या, आणि टिबुकली नेमकी तेव्हाच बुडाली. त्या रोखात पाण्यावर डुलत राहिला तो तेलाचा एक रिकामा डबा.

तेव्हा दंतवैद्य पुढे जाहले. हे दातांचे डॉक्टर मंडळातील मातब्बर सरदार. त्यांची दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर चढणारी, तोफेच्या मापाची, तिला बसमध्ये खिडकीची जागा स्वतंत्र लागे. त्यांनी तोफ लावली, डबा न्याहाळला आणि जाहीर केले, "शेंडी कसली हो, डब्याची कडी आहे ती!" मग मंडळी ऐसी हसली की तळ्यावरचे उरलेसुरले बगळेही उडून गेले.

त्या दिवसापासून घड्याळजींस 'डबासाहेब' हा किताब मिळाला. किताब तळ्यावर राहता तर बरे होते, परंतु तो त्यांच्या आधी शहरात पोहोचला. गिऱ्हाईक घड्याळ टाकायला येई आणि जाता जाता म्हणे, "काय डबासाहेब, शनिवारपर्यंत होईल ना?" नातीने शाळेत तळ्याचे चित्र काढले, त्यातही मधोमध डबा काढला. घड्याळजी चारचौघांत हसून घेत. परंतु त्या दिवशी घरी येऊन त्यांस जेवण गेले नव्हते, हे खरे. आजवर त्यांनी कोणास बंद घड्याळ चालते म्हणून दिले नाही आणि न पाहिलेले पाहिले म्हटले नाही. एवढी एक गोष्ट जवळ होती, तीच लोकांनी हसण्यावारी नेली, ह्याचे त्यांस फार वाईट वाटले. मग त्यांनी मनाशी प्रतिज्ञा केली जे, यंदा टिबुकलीस साक्षीदार मिळाला तर ठीक, नाही तर दुर्बीण कायमची कपाटात ठेवावी आणि पक्ष्यांचे नाव काढू नये.

ऐशा समयी दुष्मनाने वेगळीच फळी फोडली. घड्याळजींच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, शस्त्रक्रिया जाहली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोहिमेवर जाण्यास परवाना दिला तो शर्तीवर: थेंब वेळच्या वेळी घालावे, घातल्यावर डोळे मिटून स्वस्थ बसावे, आणि सोबत जबाबदार माणूस असावे. जबाबदार माणूस घरात एकच होते, आणि ते घड्याळजी नव्हते.

येथे काकूंचे वर्णन करणे अवश्य. घड्याळजींच्या कुटुंबास सारे मंडळ काकू म्हणे. काकू छापखान्यात मुद्रितशोधक. छापण्याआधी कागदावरची चूक धरणे हा त्यांचा हुद्दा, आणि त्यांच्या लाल पेनापुढून मोठमोठे प्रोफेसर सुटले नव्हते. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठीसुद्धा त्या पेन हाती घेऊन वाचत. सवय ती सवय; घरी घड्याळजी जे जे बोलत तेही त्याच पेनाखालून जाई. "ह्यांचं बरोबर आहे" हे शब्द काकूंच्या तोंडून निघाल्याचे घरी, दारी, माहेरी वा सासरी कोणास आठवत नव्हते. पक्ष्यांची त्यांस आवड म्हणावी तर खिडकीत येणारे कबूतर हाकलण्यापुरती.

मग मोहिमेचा दिवस उगवला, आणि फौज बसमध्ये चढली, आणि रसद म्हणून ब्रेड, उकडलेली अंडी आणि चहाचे थर्मास घेतले, आणि घड्याळजी व काकू एका बाकावर बसले, आणि त्यांच्या पाठीशी दंतवैद्य आपल्या तोफेसह बसले. बस घाटास लागताच पुढच्या बाकावर लढाईस तोंड लागले.

"स्वेटर घाला."

"थंडी कुठे आहे?"

"तुमच्या नाकाला विचारा, लाल झालंय ते."

"आता डावीकडे वळेल बघ. मग पहिलं तळं."

"उजवीकडे."

बस उजवीकडे वळली. दंतवैद्य मागून खुदकन हसले. घड्याळजींनी विषय बदलावा म्हणून काकूंच्या मनगटाकडे पाहून किती वाजले ते विचारले. त्यावर काकू म्हणाल्या, "हे कशाला बघता? तुम्ही दुरुस्त केल्यापासून पुढेच पळतंय." घड्याळजींनी सांगितले की आपल्या हातचे घड्याळ पुढे जाणे शक्य नाही. काकूंनी बसवाल्याचे घड्याळ दाखवले. ऐसे करता करता स्वेटर, रस्ता, घड्याळ, गेल्या वर्षी चहा कोठे घेतला, आणि धाकट्या नणंदेचे लग्न उन्हाळ्यात झाले की हिवाळ्यात, इतक्या ठाण्यांवर घड्याळजींची शिकस्त जाहली, आणि दंतवैद्यांनी ते सर्व कान देऊन ऐकले, करमणूक फुकट होती म्हणून.

पहिले तळे धुक्यात होते. तेथे फौजेने एक बगळा आणि तीन दगड पाहिले. दगड आधी बगळे म्हणून पाहिले गेले, मग धुके उठले. मधल्या तळ्यावर पाणकावळे पंख वाळवीत बसले होते, तेथे दंतवैद्यांनी तोफ डागून मोठा पराक्रम केला आणि एक खंड्या पकडला, म्हणजे नजरेने. त्यास साक्षीदार भराभर मिळाले. एकाने तर खंड्या उडून गेल्यावरही साक्ष दिली, मोठ्या बाईंनी ती चष्म्यावरूनच परत पाठवली. घड्याळजी ह्या गडबडीत नव्हते. त्यांचे चित्त वरच्या तळ्याकडे लागले होते.

मग चढण आली. वरच्या तळ्यास गाडीवाट नाही. पायवाट, तीही दगडधोंड्यांची. दंतवैद्यांची तोफ उचलता उचलता फौजेतील दोघांच्या नाकी नऊ आले. काकू पुढे चालत होत्या, एका हातात थेंबांची बाटली आणि दुसऱ्या हातात घड्याळजींची बाही, आणि ते धापा टाकीत म्हणाले की मला धरायची गरज नाही, त्यावर त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला धरलेलं नाही. मी मला सावरतेय." हे खरे की खोटे ह्याचा उलगडा बखरीस जाहला नाही. परंतु बाही काही सुटली नाही.

वरच्या तळ्यावर पोहोचून पाहतात तो, काय सांगावे! डबा हजर. वर्षभराचे ऊन, वारा, पाऊस सोसून, थोडा गंजून, लव्हाळ्याशेजारी पूर्ववत डुलत होता. फौजेत हास्याचा कल्लोळ उठला. कोणी मुजरा केला, कोणी म्हटले, "डबासाहेब, तुमचे पाहुणे आले बघा!" घड्याळजी ह्या वेळी हसले नाहीत. ते गपचूप बाजूस गेले, एका सपाट दगडावर बसले आणि पाण्याकडे पाहू लागले. काकूंनी हे पाहिले. किताब त्यांस ठाऊक होता, परंतु तो असा तोंडावर फेकलेला त्यांनी आज प्रथम पाहिला, आणि त्यांस राग आला. नवऱ्याच्या चुका काढण्याचा मक्ता त्यांच्या एकटीचा. त्यात बाहेरच्यांनी हात घालावा हे त्यांस बिलकुल पसंत पडले नाही.

इतक्यात सकाळच्या थेंबांची वेळ जाहली.

"अजून वेळ आहे," घड्याळजी विनवणीच्या सुरात म्हणाले. "तूच म्हणालीस ना, घड्याळ पुढे आहे?"

"थेंबांच्या बाबतीत ते बरोबर आहे. मान वर करा."

"अगं, आत्ताच येईल ती. मी डोळे मिटले आणि आली तर?"

"आली तर मी आहे ना इथे. मान वर."

ऐसा हुकूम जाहला. घड्याळजींनी मान मागे केली, थेंब पडले, पापण्या मिटल्या. ज्या घटकेसाठी वर्षभर दम धरला, त्या घटकेस वीर दगडावर आंधळा बसला, आणि गालावरून औषध ओघळत होते, आणि थोडे औषधाव्यतिरिक्तही असावे.

मग तीच गोष्ट घडली. लव्हाळे हलले, आणि डब्यापलीकडून एक लांब मान पाण्यावर सरकत पुढे आली. काकूंस मंडळाचे मौनाचे नियम ठाऊक नव्हते. त्या उभ्या राहून खणखणीत ओरडल्या, "अहो! ते काय हो? डबा नव्हे, त्याच्या पलीकडे!"

फौज खडबडून जागी जाहली. तोफ फिरली, दुर्बिणी उठल्या, सर्वांनी काकूंच्या बोटाचा रोख धरला, आणि मान बुडाली. पाण्यावर वर्तुळे राहिली, आणि डबा राहिला. दंतवैद्यांनी तोफेवरून डोळा काढला, आणि काही बोलणार तोच घड्याळजी, डोळे मिटलेले, मान वर, तसेच बोलिले, "बुडाली ना? मग तिथे बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"जिथे बुडते तिथे ती कधीच वर येत नाही. मी दुकानात बसून वर्षभर हाच विचार केलाय. वारा कुठून येतोय?"

काकूंनी गाल पुढे करून पाहिला. "उजवीकडून."

"मग उजवीकडे बघ. लांब. एखादा खडक आहे?"

"आहे. काळा, काठाजवळच."

"खडकाच्या अलीकडे नजर ठेव. तिकडे कोण काय करतंय ते बघू नकोस. हलू नकोस."

आता येथे नवल ते असे की काकू हलल्या नाहीत. साऱ्या फौजेच्या दुर्बिणी डब्यावर, आणि एकट्या काकू, दुर्बिणीवाचून, उलट दिशेस, काळ्या खडकावर. घड्याळजींनी स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी ठोके धरले होते, सेकंदकाट्याचे. एका ठोक्यास त्यांनी हळूच म्हटले, "आता."

आणि काळ्या खडकाच्या अलीकडे पाणी फाकले, आणि ती वर आली.

काकूंच्या तोंडून आधी "अगं बाई!" एवढेच निघाले. घड्याळजी डोळे उघडू लागले, तर काकूंनी तळहाताचा आडोसा धरला आणि म्हणाल्या, "डोळे मिटलेले ठेवा, थेंब वाहून जातील." मग त्यांनी, कोणी न विचारता, छापखान्यात मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा तैसे, सांगण्यास सुरुवात केली.

"मान लांब आणि पांढरी. चोच सरळ, टोकदार. गळ्याभोवती तांबूस कॉलर, चांगली झुबकेदार. आणि डोक्यावर दोन्ही बाजूंना केस उभे राहिलेत, हे झोपेतून उठल्यावर दिसतात ना, थेट तसे. पाठीवर काहीतरी आहे. थांबा. पिल्लू! अहो, पिल्लू बसलंय पाठीवर, त्याच्या तोंडावर काळेपांढरे पट्टे आहेत. गेली. बुडाली. पिल्लू राहिलं वर. नाही, तेही गेलं."

मग त्या वळल्या, फौजेकडे पाहिले, आणि जे शब्द कोणी ऐकिले नव्हते ते बोलल्या:

"ह्यांचं बरोबर आहे. शेंड्या आहेत. कडी नाही."

तोवर दंतवैद्यांनी तोफ खडकाकडे वळविली होती, परंतु तेथे पाणीच होते. त्यांनी हार न मानता मोठ्या बाईंपुढे अर्ज गुदरला जे, वर्णन उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही, परंतु कलम आहे. नवराबायको मिळून एकच नजर. तेव्हा ही साक्ष कायद्यात बसत नाही. मंडळीत कुजबुज जाहली. घड्याळजींचा चेहरा पडला. कलम त्यांस आधीपासून ठाऊक होते, आणि काकू सोबत येणार हे ठरले तेव्हाच त्यांनी मनातून अर्ध्या आशेवर पाणी सोडले होते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पुकारा केला की दंतवैद्यांनी पुढे यावे.

"डॉक्टर, बसमध्ये तुम्ही ह्यांच्या मागे बसला होता ना?"

"हो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"मग खरं सांगा. ह्या बाई नवऱ्याच्या होला हो म्हणणाऱ्या आहेत का?"

दंतवैद्य अडकले. खोटे बोलावे तर मोठ्या बाईंची नजर समोर, आणि माणूस मुळात वाईट नव्हता. त्यांनी स्वेटर आठवला, वळण आठवले, घड्याळ आठवले, नणंदेचे लग्न आठवले, आणि खाली पाहून कबूल केले, "एकदासुद्धा नाही हो. मला तर ह्यांची दया येत होती."

त्यावर मोठ्या बाईंचा निवाडा जाहला, तो येणेप्रमाणे: कलम केले ते नवराबायको एकमेकांची री ओढतात म्हणून. प्रस्तुत साक्षीदार पतीची री ओढत नाही, उलट त्याचे प्रत्येक वाक्य खोडते, हे खुद्द तक्रारदाराच्या तोंडून शाबीत जाहले. सबब तिला घरची न समजता विरुद्ध पक्षाची साक्षीदार समजावे, आणि विरुद्ध पक्षाने कबुली दिली म्हणजे दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. टिबुकली पाहिली, गेल्या वर्षीही आणि ह्या वर्षीही. किताब रद्द. डबा काढून आणावा.

डबा काढण्याची कामगिरी दंतवैद्यांनी आपणहून पत्करली. पँट गुडघ्यापर्यंत वर करून ते गार पाण्यात उतरले, आणि डबा घेऊन आले, आणि घड्याळजींपुढे ठेवून म्हणाले, "माझं चुकलं. मनापासून सांगतो." घड्याळजींनी तेव्हा डोळे उघडले होते. परंतु ते डब्याकडे पाहीनात, दंतवैद्यांकडे पाहीनात, तळ्याकडेही पाहीनात. ते काकूंकडे पाहत होते. टिबुकली त्यांनी ह्या वर्षी पाहिलीच नाही, आणि त्याचे त्यांस काडीइतके दुःख जाहले नाही.

परतीच्या वाटेवर फौज दमून पेंगू लागली. घड्याळजींनी कोणी न सांगता स्वेटर घातला. मग हळूच म्हणाले, "ते पुन्हा एकदा म्हण ना."

"काय?"

"तळ्यावर म्हणालीस ते."

"मी काय म्हणाले?" काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "पिल्लू म्हणाले."

"त्याच्या नंतर."

"मला नाही आठवत. तुम्हाला काहीतरी भास झाला असेल, डोळ्यांत औषध होतं."

तोच मागच्या बाकावरून, ओले मोजे हातात धरून बसलेले दंतवैद्य म्हणाले, "म्हणाल्या. मी ऐकलं." आणि पुढच्या बाकावरून, मागे न वळता, मोठ्या बाई म्हणाल्या, "मीही ऐकलं." साक्षी दोन जाहल्या, दांपत्यापैकी कोणी नाही.

मग मोठ्या बाईंनी मंडळाचे दप्तर मांडीवर घेतले आणि हलत्या बसमध्ये दोन नोंदी केल्या. पहिली: मोठी शेंडीवाली टिबुकली, वरचे तळे, गेल्या वर्षी पाहिली घड्याळजींनी, ह्या वर्षी पिल्लासह पाहून साक्ष दिली त्यांच्या कुटुंबाने. दुसरी: 'ह्यांचं बरोबर आहे' हा उद्गार, वरचे तळे, दुपारी, एकदाच ऐकला, ह्या भागात पूर्वी नोंद नाही, पुन्हा ऐकू येईल असा भरवसा नाही.

दप्तर हातोहात मागे आले आणि काकूंपाशी पोहोचले. काकूंनी चष्मा लावला आणि पर्समधून लाल पेन काढले. काकूंनी पहिली नोंद वाचली. दुसरी वाचली. मग 'दुपारी' हा शब्द खोडून वर 'सकाळी' लिहिले, बाकी मजकुरास हात न लावता दप्तर पुढे दिले, आणि पेनास टोपण लावून ते पर्समध्ये ठेवले. येणेप्रमाणे वरच्या तळ्याची मोहीम फत्ते जाहली, डब्याचा कलंक धुतला गेला, आणि हे सारे मुद्रित तपासून मंजूर जाहले असे. कळावे.